आतडं पुन्हा घडवताना



या व्याख्यानमालेत आजवर हृदयावर बोलणं झालं, मेंदूवर झालं, कर्करोगावर तर अनेकदा झालं. मी आतड्यावर बोलायचं म्हटलं आणि संयोजकांनी ते लगेच मान्य केलं, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. मला शिकवणारे आमचे सर लहान मुलांचे सर्जन होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आम्हा सगळ्यांच्या मागे एक प्रश्न कायमचा लागलेला आहे: ज्या बाळाचं आतडंच उरलं नाही, त्याचं पुढे काय करायचं? गेली तीस-पस्तीस वर्षं जगातल्या काही प्रयोगशाळा याच प्रश्नाला भिडल्या आहेत. निकामी झालेल्या आतड्याच्या, अन्ननलिकेच्या, जठराच्या जागी पेशींपासून वाढवलेलं नवं ऊतक बसवायचं, असा हा उद्योग आहे. त्यात काय साधलं आहे आणि काय अजून हाती लागलेलं नाही, हे दोन्ही मला आज सांगायचं आहे. कारण या विषयावर आपल्याकडे जे छापून येतं त्यात पहिली बाजू फुगवलेली असते आणि दुसरी वगळलेली असते.

आधी दुखण्याविषयी. काही बाळांचं आतडं गर्भातच पोटात जसं बसायला हवं तसं बसलेलं नसतं. जन्मानंतर केव्हातरी ते स्वतःच्याच रक्तवाहिन्यांभोवती गरकन फिरतं. यालाच आपण पीळ पडणं म्हणतो. बाळ हिरवी उलटी करतं, पोट फुगतं, आणि काही तासांत आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. वेळेत पोचलेलं बाळ वाचतं. पीळ उलगडला की आतडं डोळ्यांदेखत गुलाबी होतं. उशीर झाला असेल तर पोट उघडल्यावर सगळं लहान आतडं काळंठिक्कर दिसतं, आणि ते काढून टाकण्यावाचून इलाज नसतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये आतड्याला सूज येऊन ते सडतं. मोठ्या माणसांमध्ये आतड्याच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकते, किंवा क्रोन्ससारख्या आजारात एकामागून एक शस्त्रक्रिया होत आतडं तुकड्यातुकड्यानं जातं. प्रौढ माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. त्यातलं दोन मीटरपेक्षा कमी उरलं की बहुतेकांना खाल्लेलं अंगी लागणं कठीण होऊन बसतं.

साठ वर्षांपूर्वी अशी मुलं जगतच नसत. ती जगू लागली ती स्टॅन्ली डड्रिक या तरुण सर्जनमुळे. फिलाडेल्फियात १९६० च्या दशकात त्यांनी बीगल जातीच्या कुत्र्याची पिल्लं तोंडावाटे काहीही न देता वाढवून दाखवली. साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं, सगळं हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या नळीवाटे. पुढे लवकरच त्याच शहरात, जन्मतःच लहान आतडं जवळपास नसलेल्या एका बाळालाही असंच अन्न दिलं गेलं. आज जगभर हजारो माणसं या शिरेतल्या अन्नावर जगतात. माझ्या दृष्टीनं गेल्या शतकातल्या शल्यचिकित्सेची ही फार मोठी कमाई आहे, आणि तिचं नाव सामान्य माणसाला ठाऊक नाही याची मला खंत वाटते. पण हा उपाय फुकटात मिळत नाही. नळीवाटे रक्तात जंतू शिरतात. एकेक शीर बुजत जाते आणि पुढच्या नळीला जागा उरत नाही. लहान बाळांचं यकृत बिघडतं. आतडं गमावलेलं मूल काही महिन्यांनी पिवळं पडलेलं बघणं आम्हाला नवीन नाही. शिवाय रोजची पिशवी, ती जोडताना पाळायची स्वच्छता, आणि महिनोन् महिने चालणारा खर्च. आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांना हे पेलत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

दुसऱ्याचं आतडं का बसवत नाही, असं लोक विचारतात. बसवतात, मुंबई-पुण्यातही बसवलेलं आहे. पण लहान आतडं हे मूत्रपिंडासारखं शांत पाहुणं नव्हे. त्याच्या भिंतीत दात्याच्या रोगप्रतिकारक पेशी मोठ्या संख्येनं असतात, पोकळीत जंतूंची वसाहत असते. त्यामुळे शरीर ते नाकारण्याचा धोका इतर अवयवांपेक्षा जास्त, त्यासाठी द्यावी लागणारी औषधंही तीव्र, आणि त्या औषधांमुळे जंतुसंसर्गाला दार मोकळं.

म्हणून मग विचार आला की रुग्णाच्याच पेशींपासून आतडं का वाढवू नये? ही कल्पना रुजवण्यात जोसेफ वाकांटी यांचा मोठा वाटा आहे. ते बॉस्टनमध्ये मुलांच्या यकृतांचं प्रत्यारोपण करत, आणि यकृत मिळेपर्यंत मुलं दगावताना बघत. एमआयटीतले रसायन अभियंते रॉबर्ट लँगर यांच्याबरोबर त्यांनी एक साधी वाटणारी युक्ती काढली. विरघळणारे टाके ज्या पदार्थाचे बनतात, त्याच जातीच्या तंतूंचा सच्छिद्र साचा करायचा, त्यावर पेशी पेरायच्या, आणि तो शरीरात ठेवायचा. पेशी आपलं ऊतक बांधतील, साचा विरघळून जाईल. १९९३ मध्ये या दोघांनी ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिलेल्या लेखानं टिश्यू इंजिनिअरिंग या क्षेत्राला ओळख मिळवून दिली.

आतड्याच्या बाबतीत हे काम वाकांटींच्या गटात आणि पुढे लॉस एंजेलिसच्या मुलांच्या रुग्णालयात ट्रेसी ग्रिकशाइट यांनी नेटानं नेलं. त्या स्वतः मुलांच्या सर्जन. उंदराच्या पिल्लांच्या आतड्याचे अगदी बारीक तुकडे, म्हणजे अस्तर आणि त्याखालचं थोडं ऊतक, त्यांनी साच्याच्या नळीवर पेरले आणि ती नळी मोठ्या उंदराच्या पोटात, आतड्यांवर पसरलेल्या चरबीच्या पडद्यात गुंडाळून ठेवली. त्या पडद्याला रक्तवाहिन्या भरपूर. काही आठवड्यांत तिथे एक पिशवी तयार झाली: आत अस्तर, त्यावर बोटांसारखे उंचवटे, बाहेरून स्नायू. लहान आतडं बहुतांश काढून टाकलेल्या उंदरांना ही पिशवी जोडल्यावर त्यांचं घटलेलं वजन लवकर भरून आलं. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा आम्हा मुलांच्या सर्जनमंडळींना वाटलं, झालं, आता दहा वर्षांत माणसात येईल. वीस वर्षं उलटून गेली. ते आलेलं नाही. कारण उघड आहे: या पद्धतीत आधी निरोगी आतड्याचे तुकडे लागतात, आणि ज्या बाळाचं आतडंच गेलं त्याच्याकडून ते पुरेसे आणायचे कुठून?

या अडचणीतून वाट निघाली ती नेदरलँड्समध्ये. उट्रेक्टच्या ह्युब्रेख्ट संस्थेतल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटानं २००७ मध्ये आतड्याच्या मूलपेशी नेमक्या कुठल्या, हे ओळखण्याची खूण शोधली. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत संपूर्ण नवं होतं, म्हणजे आज आपण जे जेवलो ते पचवणाऱ्या पेशी पुढच्या आठवड्यात नसतील. हे नूतनीकरण करणाऱ्या पेशी अस्तराच्या खोलगट खड्ड्यांच्या तळाशी बसलेल्या असतात. २००९ मध्ये तोशिरो सातो या जपानी संशोधकानं क्लेव्हर्स यांच्याच प्रयोगशाळेत अशी एकच पेशी घेतली, तिला योग्य प्रथिनांची साथ दिली, आणि जेलीच्या थेंबात तिच्यापासून छोटंसं आतडं वाढवलं. खड्डे, उंचवट्यांचा भाग, श्लेष्म स्रवणाऱ्या पेशी, सगळं आपल्या आपण जागच्या जागी. याला ऑरगॅनॉइड म्हणतात. म्हणजे दुर्बिणीतून काढलेल्या कणभर तुकड्यापासून रुग्णाचं स्वतःचं अस्तर हवं तेवढं वाढवता येणार होतं. दोन वर्षांनी सिनसिनाटीत जेम्स वेल्स आणि जेसन स्पेन्स यांनी आणखी मागे जाऊन, कोणत्याही अवयवाची घडण करू शकणाऱ्या मानवी मूलपेशींपासून आतड्याचं ऊतक घडवलं.

इथे मला थांबून एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण वर्तमानपत्रांतला सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. ‘शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत आतडं बनवलं’ असा मथळा येतो. त्यांनी बनवलेलं असतं ते अस्तर. नुसता गिलावा म्हणजे घर नव्हे. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर एकमेकांना आडवे-उभे असतात. त्यांच्यामध्ये मज्जापेशींचं जाळं असतं, आणि त्यातल्या पेशींची संख्या दहा कोटींच्या पुढे जाते. रक्तवाहिन्या असतात, स्निग्ध पदार्थ वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या असतात, प्रतिकारक पेशी असतात. नुसत्या मज्जापेशी नसल्या तर काय होतं हे आम्ही दर महिन्याला बघतो. हिर्शस्प्रुंगच्या आजारात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात त्या पेशी जन्मतःच पोचलेल्या नसतात. बाकी सगळं जागेवर असूनही तो भाग मळ पुढे ढकलू शकत नाही, आणि बाळाचं पोट नगाऱ्यासारखं होतं. साधारण पाच हजार बाळांमागे एकाला हा आजार असतो. २०१७ मध्ये सिनसिनाटीच्याच गटानं ऑरगॅनॉइडमध्ये मज्जापेशींच्या पूर्वज पेशी मिसळून, हालचाल करणारं ऊतक मिळवलं, तेव्हा आम्हाला त्याचं एवढं अप्रूप वाटलं ते यासाठीच. तरीही ते ऊतक मिलिमीटर-सेंटिमीटरच्या मापाचं होतं.

पृष्ठभागाचंही बघा. पचनमार्गाच्या अस्तराचं क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढं, असं आम्ही शिकलो होतो. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी नव्यानं मोजमाप करून ते सुमारे ३२ चौरस मीटर असल्याचं दाखवलं. पूर्वीपेक्षा बरंच कमी, पण अभियांत्रिकीनं भरून काढायला तेवढंही अफाट आहे.

मग करायचं काय? माझं मत असं आहे, आणि ते मी आज जाहीरपणे मांडतो, की संपूर्ण आतडं घडवण्याच्या मागे धावण्याऐवजी शरीरात आधीच असलेल्या नळीला योग्य अस्तर देणं हा रुग्णांपर्यंत लवकर पोचणारा मार्ग आहे. या मताला मला बळ देणारा प्रयोग टोकियोच्या केओ विद्यापीठातला आहे. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यामागेही सातोच आहेत. लहान आतडं गेलेल्या अनेक रुग्णांचं मोठं आतडं शाबूत असतं. त्यात स्नायू आहेत, मज्जापेशी आहेत, रक्तपुरवठा आहे. उणीव आहे ती अन्न शोषणाऱ्या अस्तराची. या गटानं उंदराच्या मोठ्या आतड्याच्या एका तुकड्याचं अस्तर काढून टाकलं आणि तिथे लहान आतड्याच्या शेवटच्या भागापासून वाढवलेले ऑरगॅनॉइड रुजवले. अस्तर रुजलं, पण उंचवटे खुरटलेलेच राहिले. त्याचं कारण शोधताना या मंडळींना दिसलं की उंचवटे वाढायला वरून वाहणाऱ्या द्रवाचा सततचा स्पर्श लागतो. म्हणून त्यांनी तो तुकडा उचलून लहान आणि मोठं आतडं जिथे मिळतं तिथे, पाचकरसाच्या प्रवाहात, आणून जोडला. तिथे उंचवटे नीट वाढले. एवढंच नाही, तर मोठ्या आतड्यात एरवी कधीही नसणाऱ्या, स्निग्ध पदार्थ शोषणाऱ्या लसीकावाहिन्याही त्या उंचवट्यांमध्ये तयार झाल्या. वरचं अस्तर बदललं तशी खालच्या ऊतकानं आपली घडण बदलली. लहान आतडं काढून टाकलेल्या उंदरांना याचा स्पष्ट फायदा झाला. ज्यांच्यात मोठ्या आतड्याचंच अस्तर रुजवलं होतं ते मात्र मेले. मी हा शोधनिबंध वाचला तेव्हा सरांची फार आठवण झाली. जे आहे ते आधी वापरा, मग नवं आणा, असं ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर आम्हाला बजावत.

लंडनमध्ये पाओलो दे कोप्पी आणि विवियन ली यांच्या गटानं थोडी निराळी वाट धरली आहे. दुसऱ्याच्या आतड्याच्या तुकड्यातून सगळ्या पेशी धुऊन काढायच्या, म्हणजे प्रथिनांचा सांगाडा उरतो आणि प्रतिकारक्षमतेला चिडवणारं फारसं काही राहत नाही. त्यावर आतडं निकामी झालेल्या मुलांच्याच अस्तराच्या पेशी पेरायच्या. २०२० मध्ये त्यांनी अशी कलमं तयार करून उंदरांत काही दिवस जगवून दाखवली. मोठ्या आतड्याच्या सांगाड्यावरही लहान आतड्याचं अस्तर वाढतं, हे त्यांनाही आढळलं. दोन स्वतंत्र गट दोन बाजूंनी एकाच ठिकाणी पोचले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

माणसात काय झालं आहे? टोकियो वैद्यक आणि दंतवैद्यक विद्यापीठात मामोरू वातानाबे यांच्या गटानं २०१२ मध्ये उंदराच्या जखमी मोठ्या आतड्यात ऑरगॅनॉइड चिकटवून जखम भरून येते हे दाखवलं होतं. बरोबर दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, तिथेच अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या एका रुग्णाला त्याच्याच आतड्यापासून वाढवलेले ऑरगॅनॉइड दुर्बिणीवाटे जखमेवर लावण्यात आले. उंदरापासून पहिल्या माणसापर्यंत दहा वर्षं, तेही फक्त अस्तरासाठी, आणि तेही जपानसारख्या देशात. मधल्या काळात काय चाललं होतं? उदाहरणच सांगतो. प्रयोगशाळेत ऑरगॅनॉइड ज्या जेलीत वाढवतात ती सर्वाधिक वापरातली जेली उंदराच्या गाठीपासून काढलेली असते. ती माणसाच्या पोटात घालता येत नाही. तिला पर्याय शोधा, पेशींमध्ये वाढताना काही बिघाड तर झाला नाही ना ते तपासा, दर खेपेला सारखाच माल तयार होतो हे सिद्ध करा. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही, पण रुग्णाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

अन्ननलिकेत तर जपान्यांनी याआधीच मजल मारली. तेरुओ ओकानो यांनी एक असा पृष्ठभाग बनवला की ३७ अंशांना पेशी त्याला घट्ट धरून राहतात आणि तापमान उतरवलं की पेशींचा अख्खा पापुद्रा अलगद सुटतो. दुर्बिणीतून अन्ननलिकेच्या सुरुवातीच्या कर्करोगाचा मोठा भाग सोलून काढला की पुढे तिथे आकुंचन होऊन घास अडकतो. टोकियो महिला वैद्यकीय विद्यापीठात अशा रुग्णांच्या गालाच्या आतल्या बाजूच्या पेशींपासून पापुद्रे वाढवून ते जखमेवर चिकटवले. नऊ रुग्णांवरचा हा अनुभव २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि आता एक प्रकरण, जे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकानं पाठ करून ठेवावं. पाओलो मॅकिआरिनी या सर्जननं २०११ पासून स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात, रुग्णाच्या मूलपेशी पेरलेल्या प्लॅस्टिकच्या श्वासनलिका माणसांत बसवल्या. जगभर टाळ्या पडल्या. प्राण्यांवरचा पुरेसा आधार त्यामागे नव्हता. तिथे ज्या तीन रुग्णांना त्या बसवल्या ते तिघेही पुढे मरण पावले. त्यांच्याच चार सहकारी डॉक्टरांनी २०१४ मध्ये लेखी तक्रार केली, तेव्हा आधी अडचणीत आले ते तक्रार करणारेच. अखेर २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयानं मॅकिआरिनी यांना दोषी ठरवून अडीच वर्षांची कैद दिली. तुम्ही म्हणाल, ही श्वासनलिका, पचनसंस्थेशी हिचा काय संबंध? संबंध असा की याच माणसाच्या गटानं उंदरांत पेशींपासून घडवलेली अन्ननलिका बसवल्याचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध केला होता, आणि तो २०१७ मध्ये मागे घ्यावा लागला. त्या मधल्या वर्षांत त्या निबंधावर विसंबून किती तरुण संशोधकांनी आपली उमेद खर्ची घातली असेल, याचा मला राग येतो.

तो राग मला आपल्या दारापर्यंत आणतो. मूलपेशींनी यकृत बरं करू, आतडं नवं करू, मधुमेह घालवू, अशा जाहिराती आपल्या शहरांतही दिसतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना या बाबतीत निःसंदिग्ध आहेत: रक्ताच्या काही आजारांसाठी होणारं मूलपेशींचं प्रत्यारोपण मान्यताप्राप्त आहे; बाकी कोणत्याही आजारात मूलपेशींचा वापर परवानगी घेतलेल्या चाचणीबाहेर उपचार म्हणून करता येत नाही. माझ्याकडे एक वडील आले होते. मुलाच्या आतड्यासाठी त्यांनी शेताचा तुकडा विकून एका खासगी ठिकाणी इंजेक्शनं घेतली होती. मुलाच्या आतड्यात काडीचाही फरक पडला नव्हता. त्यांना मी काय सांगणार होतो?

ऑरगॅनॉइडचा उपयोग मात्र आज, या घडीला होतो आहे, फक्त तो शरीराबाहेर आहे. सिस्टिक फायब्रोसिस या जनुकीय आजारात नवी औषधं कुणाला लागू पडतील हे ठरवायला उट्रेक्टमध्ये रुग्णाच्या गुदाशयातून चिमूटभर ऊतक घेतात, त्याचे ऑरगॅनॉइड वाढवतात आणि त्यांवर औषध घालून बघतात. औषध लागू पडत असेल तर ऑरगॅनॉइड पाणी घेऊन फुगतो. जगात मोजक्याच लोकांत आढळणारे जनुकीय बदल असलेल्या रुग्णांवर मोठी चाचणी करणं शक्यच नसतं, त्यांना या तपासणीनं औषध मिळालं आहे. आपल्या पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, मुंबईत टाटा स्मारक आहे. पेशी वाढवण्याचं कसब इथे आहे, रुग्ण इथे आहेत. या प्रकारच्या कामाला आपण आतड्याच्या शल्यचिकित्सेची जोड दिली पाहिजे, आणि त्यासाठी सर्जननं प्रयोगशाळेत आणि पेशीशास्त्रज्ञानं शस्त्रक्रियागृहात येऊन उभं राहायला हवं. आज आपल्याकडे दोघांची गाठ पडते ती समारंभातच.

पेशींपासून घडवलेलं पूर्ण लहान आतडं माझ्या हयातीत एखाद्या मुलाच्या पोटात बसेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. अस्तर बदललेलं मोठं आतडं बसेल, अशी मला खरी आशा आहे. तोवर ज्यांची मुलं आज शिरेतल्या अन्नावर आहेत त्यांना माझं सांगणं इतकंच: कुणी नवा उपचार देऊ केला, तर आधी भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदणीतला त्याचा क्रमांक मागा. क्रमांक नसेल किंवा चाचणीच्या नावाखाली तुमच्याकडूनच पैसे मागितले जात असतील, तर तिथून उठा. आणि बाकीच्या सर्वांना विनंती: अवयवदानाचा संकल्प करताना त्या यादीत लहान आतडंही असतं. ते वगळू नका, आणि आपला निर्णय आज घरी गेल्यावर आपल्या माणसांना सांगून ठेवा. कारण वेळ येते तेव्हा संमती त्यांनाच द्यायची असते.